निबंध लिहून झाल्यावर

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवले. दोघेही गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. पुढे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. ‘निबंध’ हा शब्द कित्येक महिने शिवीसारखा वापरला गेला.

चीड रास्तच होती. मीही चिडलो होतो. पण त्या भरात एक गल्लत झाली, ती अजून निस्तरलेली नाही. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. त्याच आदेशात वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम, समुपदेशन आणि व्यसनमुक्तीचे उपचारही होते. ते कोणाच्या लक्षात नाही. आता तुरुंगाऐवजी दुसरे काही सुचवले की समोरचा हसून म्हणतो, “म्हणजे निबंधच ना?”

मग आहे ते तरी काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार दारू पिऊन गाडी चालवल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड. सारी मेख त्या ‘किंवा’त आहे. त्या मुलाने अपघाताआधी एका पबमध्ये दीड तासात ४८ हजार रुपये उडवल्याचे पोलिसांनी तेव्हा सांगितले होते. त्याच्यापुढे दहा हजारांची काय मातब्बरी!

गंमत अशी की, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही रीतसर शिक्षा झाली. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्याला ती देता येते. तोच माणूस गाडीत बसला की कलम १८५ मध्ये मात्र कैद आणि दंड एवढेच.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात २००५ साली ॲटर्नी जनरल लॅरी लाँग यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. दारू पिऊन गाडी चालवताना, विशेषतः पुन्हापुन्हा, सापडलेल्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ हजर राहून श्वासाची चाचणी द्यायची. चाचणीचा एक डॉलर त्यांनीच भरायचा. दारू आढळली की तिथल्या तिथे अटक, पण एक-दोन दिवसांचीच. २०१० पर्यंत सतरा हजारांवर माणसे यातून गेली आणि नव्याण्णव टक्क्यांहून अधिक चाचण्या निर्दोष निघाल्या. रँड संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात असे दिसले की, या गुन्ह्यात पुन्हा होणाऱ्या अटका बारा टक्क्यांनी घटल्या. बारा टक्के हा काही चमत्कार नव्हे. पण आपल्या दंडाने पुन्हा पिणारे किती कमी झाले, हे विचारायचे तर कोणाला?

बँकेत आम्हाला एक गोष्ट उशिरा कळत असे. कर्ज बुडते ते मंजुरीच्या सहीने क्वचितच. बहुधा नंतर कोणी फिरकत नाही म्हणून बुडते. थकबाकीदाराला वर्षाने धाडलेल्या नोटिशीपेक्षा हप्ता चुकल्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहिलेला शिपाई अधिक कामाचा. साउथ डकोटाने केले ते हेच. हैदराबादचे पोलीस सापडलेल्याला समुपदेशनासाठी घरच्यांसह बोलावतात, तेही मला त्याच जातीचे वाटते. विशीतल्या पोराला न्यायाधीशापेक्षा शेजारी बसलेल्या आईची नजर जड जाते.

माझ्या या म्हणण्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप मात्र पुण्यानेच तयार ठेवला आहे. त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली आणि पाठोपाठ आईवडिलांनाही. रोजच्या चाचणीवर उभी असलेली योजना इथे आणायची, तर त्या यंत्रापाशी सकाळ-संध्याकाळ कोणाला बसवायचे आणि त्याच्या नोंदवहीवर दुसरी सही कोणाची घ्यायची, हे आधी ठरवावे लागेल.