तार वाचते, माणूस मरतो

पावसाळा आला की विजेच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्या छापणे हा वृत्तपत्रांचा जणू नित्यनेम होऊन बसला आहे. आतल्या पानावर चार ओळी येतात, त्यांत 'दुर्दैवी' हा शब्द ठरलेला असतो, चौकशीचे आश्वासन दिले जाते आणि पाणी ओसरताच सारे विस्मृतीत जाते. २५ जून २०२३ रोजी नवी दिल्ली रेल्वे स्थानकाबाहेर साचलेल्या पाण्यातून जाताना विजेच्या खांबाला हात लागून एक स्त्री मृत्युमुखी पडली. जुलै २०२४ मध्ये त्याच राजधानीत, पाणी तुंबलेल्या रस्त्यावर, एका लोखंडी फाटकात उतरलेल्या विजेने एका तरुण विद्यार्थ्याचा बळी घेतला. जे दिल्लीत घडले ते मुंबईत घडणार नाही, अशी ग्वाही हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या पाण्यातून वाट काढणाऱ्या मुंबईकरास कोण देऊ शकेल? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील अहवालांनुसार देशात वर्षाकाठी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. एवढ्या मृत्यूंचे खापर दैवाच्या माथी फोडणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

या मृत्यूंमागील शास्त्र गूढ नाही. मानवी शरीराचे विजेपासून रक्षण करते ती प्रामुख्याने त्वचा. कोरड्या त्वचेचा रोध कित्येक हजार ओहम, प्रसंगी लाखाच्या घरातही असतो. तीच त्वचा भिजली की तो हजार ओहमच्या आसपास उतरतो. आपल्या घरांतील दाब २३० व्होल्टचा आहे. म्हणजे ओल्या अंगाने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभा असलेला मनुष्य जिवंत तारेला शिवला, तर त्याच्या देहातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. दहा ते सोळा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून क्षणभर वाहिला, तरी हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते.

'आमच्याकडे फ्यूज आहे' असे समाधान मानणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांनी येथे थोडा विचार करावा. घरातील फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेली स्वयंचलित कळ सहा, दहा, सोळा अँपिअरच्या प्रवाहासाठी असते. माणसाला मारण्यास त्याचा शंभरावा हिस्सा पुरतो. फ्यूजची योजना तारा तापून आग लागू नये म्हणून आहे. माणूस मरत असताना तो निर्विकारपणे आपल्या जागी शाबूत राहतो.

माणसाचे रक्षण करणारे साधन वेगळे आहे आणि ते जुने आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी मानवी देहाला किती प्रवाह सोसतो याचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये गळती ओळखणारे उपकरण सिद्ध केले. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडताच आजचे असे उपकरण सेकंदाच्या अंशात वीज तोडते. दोन्ही तारा एकदम धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही. परंतु अंगातून जमिनीत उतरणारी वीज, म्हणजे पाण्याजवळच्या बहुतेक अपघातांचे कारण, ते रोखते. अमेरिकेने १९७५ मध्ये न्हाणीघरांतील जोडण्यांसाठी ते आवश्यक ठरविले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी मोठ्या भाराच्या जोडण्यांना अशा संरक्षणाची सक्ती केली, पण लहान भाराची घरे तेव्हा वगळली. बादलीत हीटर टाकून पाणी तापविणारा संसार नेमका अशाच घरात असतो!

आमची मागणी स्पष्ट आहे. रस्त्यावरील प्रत्येक दिव्याचा खांब, वीजपेटी आणि जाहिरातीचा फलक यांचे आर्थिंग व गळती-संरक्षण मे महिन्यातच तपासावे आणि तपासणीचा दिनांक त्यावर लिहावा. पावसात उभ्या राहणाऱ्या उत्सवमंडपांची वीजजोडणी हे संरक्षण असल्यावाचून चालू करू नये. प्रत्येक घरात हे उपकरण बसविण्याची सक्ती व्हावी आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना ते वीजबिलातून हप्त्याने मिळावे.

नागरिकांचीही काही कर्तव्ये आहेत. तीन पायांच्या प्लगचा आर्थिंगचा पाय तोडून तो दोन छिद्रांत कोंबणे, हीटर चालू असताना बादलीत बोट घालून पाणी पाहणे आणि ओल्या हाताने कळ दाबणे या सवयी सोडल्या पाहिजेत. गळती-संरक्षक उपकरणावरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी. कोणास धक्का बसलाच, तर त्यास हात न लावता प्रथम मुख्य कळ बंद करावी. श्वास थांबला असेल तर ताबडतोब छातीवर दाब देण्यास आरंभ करून मदत बोलवावी.

लाखो रुपयांच्या सदनिकेत संगमरवर बसविताना हात आखडत नाही. मग एका साध्या मोबाइलच्या किमतीहून स्वस्त असलेल्या उपकरणापाशीच काटकसर का आठवते? साठ वर्षांहून अधिक काळ उपाय ठाऊक असताना माणसे मरू देणे, याला अपघात म्हणण्याचा अधिकार सरकारला, महापालिकेला वा आपणा नागरिकांना उरलेला नाही.