आधी सत्ता, मग वंशावळ

काही घराणी मुळातच थोर होती, म्हणून सत्ता त्यांच्याकडे आली, असे आपल्याला सांगितले जाते. मध्ययुगीन युरोपातल्या फ्रँक राज्याचा इतिहास नेमके उलटे सांगतो.

‘काउंट’ हा शब्द लॅटिन ‘कोमेस’वरून आला. अर्थ एवढाच, सोबती. शार्लमेनच्या काळात (७६८ ते ८१४) काउंट हा राजाने नेमलेला अधिकारी होता. न्यायनिवाडा करणे आणि सैन्य गोळा करणे हे त्याचे काम. त्याच्यावर देखरेख ठेवायला राजाचे ‘मिस्सी’ नावाचे प्रतिनिधी फिरत. राजा त्याला काढूही शकत होता. म्हणजे काउंटपद ही नोकरी होती, रक्त नव्हे.

मग या नोकरीचे वतन कसे झाले? शार्लमेनचे नातू राज्यासाठी आपसात लढले, व्हायकिंगांचे हल्ले वाढले, राजा दुबळा झाला. ८७७ साली इटलीला निघताना चार्ल्स द बाल्डने किएर्झी येथे काही तरतुदी केल्या. त्या मोहिमेपुरत्या होत्या. पण मेलेल्या काउंटच्या जागेवर त्याच्या मुलाचा हक्क आहे, हे त्यांत गृहीतच धरले होते.

आता फ्लँडर्सचे घराणे पाहा. बाल्डविनने याच राजाची मुलगी ज्यूडिथ पळवून नेली. राजा संतापला, धर्मपीठाने दोघांना बहिष्कृत केले. शेवटी पोपच्या मध्यस्थीने लग्न मान्य झाले. पुढे त्यांचा नातू आर्नुल्फ बलाढ्य झाला, तेव्हा विट्गर नावाच्या धर्मगुरूने त्याची वंशावळ लिहिली आणि ती शार्लमेनपर्यंत नेली. कोणामार्फत? त्याच पळून गेलेल्या आजीमार्फत! काल जो कलंक होता, तोच सत्ता हाती आल्यावर कुळाचा अभिमान ठरला.

आणि शेतकऱ्यांचे काय? त्यांचीही नावे लिहिली गेली. पॅरिसच्या सेंट जर्मेन मठाच्या नवव्या शतकातल्या नोंदवहीत कुळे, त्यांच्या बायका, मुले सगळे आहेत. पण कशासाठी? कोणाकडून किती धान्य, किती कोंबड्या आणि किती दिवसांची वेठ घ्यायची, हे ठरवण्यासाठी. एकाच्या जन्माची नोंद मानासाठी, दुसऱ्याच्या जन्माची नोंद वसुलीसाठी!

१९ जून १७९० रोजी फ्रान्सच्या राष्ट्रसभेने वंशपरंपरागत सरदारकी एका ठरावाने रद्द केली. पुढे नेपोलियनने नवे काउंट निर्माण केले, हेही खरे. म्हणजे थोरवी माणसेच देतात आणि माणसेच काढून घेतात.

म्हणून मित्रांनो, कोणी वंशावळ पुढे केली की एकच प्रश्न विचारा: ही लिहिली कोणी, आणि तेव्हा सत्ता कोणाच्या हातात होती?