आर्मेनियाचे न बुडालेले भांडवल

ऑलिंपिक स्पर्धा संपल्या की पदकांचा तक्ता वृत्तपत्रांतून झळकतो आणि त्यावरून राष्ट्रांची थोरवी मोजण्याची अहमहमिका सुरू होते. या तक्त्यात राष्ट्राचे नाव असते. पदकामागचे कौशल्य कोणत्या मातीत रुजले आणि कोणी जोपासले, याची नोंद मात्र त्यात नसते. आर्मेनियाचे जिम्नॅस्ट आल्बर्ट अझारियान यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक ठरावी.

१९५२ चे हेलसिंकी, १९५६ चे मेलबर्न आणि १९६० चे रोम या लागोपाठच्या तीन ऑलिंपिकमध्ये रोमन रिंग्जचे सुवर्णपदक आर्मेनियन खेळाडूने पटकावले. पहिले ह्रांत शाहिनियान यांनी, पुढील दोन अझारियान यांनी. रिंग्जचे ऑलिंपिक विजेतेपद दुसऱ्यांदा राखणारे अझारियान हे पहिलेच खेळाडू. १९५४ आणि १९५८ या वर्षी या साधनावरील जागतिक विजेतेपदही त्यांच्याकडेच होते. तक्त्यात ही सारी पदके सोव्हिएत संघाच्या खात्यावर जमा झाली. आर्मेनियाचे नाव तेथे शोधूनही सापडत नाही.

या यशाचे श्रेय सोव्हिएत व्यवस्थेचे की व्यक्तीचे, हा वाद जुना आहे. शाहिनियान महायुद्धात पायाला गंभीर जखम घेऊन परतलेले सैनिक होते. अझारियान यांचे किशोरवय लोहारकामात गेले आणि या खेळाकडे ते तसे उशिराच वळले. अशा तरुणांना व्यायामशाळा, प्रशिक्षक आणि निर्वाहाची निश्चिती देणे हे त्या व्यवस्थेचे सामर्थ्य होते, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. पण तीच व्यवस्था पंधरा प्रजासत्ताकांत होती. मग रिंग्जवरील प्रभुत्व या चिमुकल्या प्रजासत्ताकातच लागोपाठ का दिसावे? एका पिढीने संपादन केलेले कसब दुसरीला हातोहात मिळत गेले, हेच त्याचे सयुक्तिक उत्तर दिसते.

हे कसब साधे नव्हे. जमिनीपासून पावणेतीन मीटरांहून अधिक उंचीवर टांगलेल्या दोन कड्या सतत हलत असतात. त्या धरून दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरायचे आणि देह निश्चल ठेवायचा, याला ‘क्रॉस’ म्हणतात. या आसनाच्या एका अवघड प्रकाराला अझारियान यांचेच नाव मिळाले. ग्रंथ वाचून ही विद्या येत नाही. ती गुरूच्या नजरेखाली, वर्षानुवर्षांच्या सरावानेच अंगी बाणते.

येथेच अर्थशास्त्राचा संबंध येतो. अझारियान यांचे जन्मगाव वानाद्झोर हे सोव्हिएत काळात रसायन उद्योगाचे केंद्र होते. डिसेंबर १९८८ च्या भूकंपाने उत्तर आर्मेनिया उद्ध्वस्त केला आणि सुमारे पंचवीस हजार माणसे दगावली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तशी कारखान्यांची बाजारपेठही गेली. अझरबैजान व तुर्कस्तानच्या सीमा बंद झाल्या. १९८९ मध्ये बंद केलेले मेट्सामोरचे अणुवीज केंद्र १९९५ पर्यंत सुरू झाले नव्हते आणि लोकांनी कडाक्याचे हिवाळे विजेवाचून काढले. कोट्यवधी रूबलांची यंत्रसामग्री गंजून निकामी झाली. माणसांच्या अंगी मुरलेले ज्ञान मात्र गंजले नाही. येरेवानमध्ये अझारियान यांच्या नावाची जिम्नॅस्टिक्स शाळा उभी राहिली. त्यांचे पुत्र एदुआर्द १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णविजेत्या संघात होतेच.

तथापि मानवी भांडवल आपोआप टिकते, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. स्वतंत्र आर्मेनियाला जिम्नॅस्टिक्समधील पहिल्या ऑलिंपिक पदकासाठी २०२१ साल उजाडावे लागले. टोकियो येथे आर्तुर दावत्यान यांनी व्हॉल्टमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे रौप्यपदक. तीस वर्षांची ही प्रतीक्षा म्हणजे मोडलेल्या घडीची किंमत होय.

मधल्या काळात विशेषीकरणाचा अर्थही बदलला. अझारियान यांच्या काळी संघातील खेळाडूला सहाही साधनांवर उतरावे लागे. रिंग्जवरील त्यांची हुकमत त्या सर्वांगीण पायावर उभी होती. आता एकेका साधनावरील विश्वचषक मालिकेतून ऑलिंपिकची वाट मिळू शकते. सुमारे तीस लाख वस्तीच्या देशाला पूर्ण संघ उभा करणे जड जाते. तेव्हा आपली बलस्थाने हेरून त्यांवरच साधने एकवटणे, हे तौलनिक लाभाच्या तत्त्वाला धरूनच आहे.

परंतु या व्यवहारातील जोखीम कोण वाहतो? बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपले सारे तारुण्य एका साधनावर लावतो. खांद्याची एक दुखापत किंवा पात्रतेच्या नियमातील एक दुरुस्ती त्याचा हिशेब पुसून टाकू शकते. अंतिम फेरीत जागा आठच असतात. बाहेर राहिलेल्यांच्या मेहनतीचे मोल कोणत्याही तक्त्यात मांडले जात नाही. सोव्हिएत काळी ही जोखीम बव्हंशी राज्यसंस्थेने उचलली होती. त्याबद्दल खेळाडूंनी आपले नाव तिच्या नावात विरघळू दिले. आज नाव आर्मेनियाचे आहे आणि भार व्यक्तीच्या खांद्यावर अधिक आला आहे.

म्हणून खरी कसोटी विजेत्याला विमानतळावर हार घालण्यात नाही, ती प्रशिक्षकाचा पगार दरमहा वेळेवर देण्यात आहे. बक्षीस पदकानंतर दिले जाते; गुंतवणूक पदकाच्या पंधरा वर्षे आधी करावी लागते. आर्मेनियाकडे या विद्येचा वारसा आहे आणि तो सांभाळणारी शाळाही आहे. जो मुलगा आज पहिल्यांदा कड्यांना लोंबकळला असेल, तो पदकापर्यंत पोहोचला नाही तरी त्याचे आयुष्य वाया जाणार नाही, एवढी हमी त्याला मिळाली, तरच हे भांडवल पुढच्या पिढीच्या हाती पडेल.