चाकावरचा आकडा कोणत्या फरशीचा?

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे, गुजरातच्या सीमेलगतचे खापर. अशा बाजाराच्या गावात खत-सिमेंटच्या दुकानाला चार चाकांची लोखंडी ट्रॉली लागतेच. ट्रॉलीचा सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. चाके मात्र लवकर हात टेकतात. दुकानदार म्हणतो, माल हलका दिला. विकणारा म्हणतो, वजन जास्त भरले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण फरशीचे नाव कोणी काढत नाही.

वजनाचा हिशेब बघा. सिमेंटच्या सहा गोण्या म्हणजे 300 किलो, ट्रॉलीचे 60 धरू. चाराने भागले की 90 येतात आणि 100 किलोचे चाक पुरेसे वाटते. पण उंचसखल फरशीवर एखादे चाक अधांतरी राहते आणि सगळा भार उरलेल्या तीन चाकांवर येतो, प्रत्येकी 120 किलो. म्हणून भागायचे ते तिनाने. ओट्यावरून खाली आदळताना बसणारा धक्का यात धरलेलाच नाही. शिवाय औद्योगिक चाकांचे आयएसओ 22883 हे मानक ताशी 4 किलोमीटरपर्यंतच्या, म्हणजे पायी चालण्याच्या वेगापुरते आहे. ट्रॉली मोटारसायकलमागे बांधून रस्त्याने पळवली, तर चाकावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आता चाक कशाचे घ्यावे? नायलॉन स्वस्त आणि कठीण. गुळगुळीत फरशीवर ते हलके चालते, म्हणून हमालाची पसंती त्यालाच, आणि ती रास्त आहे. खडीवर मात्र प्रत्येक दगड थेट बेअरिंगला जाणवतो. पावसाळ्यात नायलॉन ओलावा शोषून किंचित फुगते. बेअरिंग नसलेले साधे भोक असेल तर ते आसावर आवळते. महागडे पीयू (पॉलियुरेथेन) फरशी राखते, आवाजही कमी करते; पण त्यातले काही प्रकार उष्ण-दमट हवेत हळूहळू चिरतात, आणि भरलेली ट्रॉली फार दिवस एकाच जागी उभी राहिली तर चाक खालून चपटते. महाग म्हणजे टिकाऊ, हे इथे डोळे झाकून मानू नये.

आमचे मत असे: दुकानाच्या आतच फिरणाऱ्या ट्रॉलीला बेअरिंगवाले नायलॉन पुरते. ओटा उतरून रस्त्यापर्यंत जाणारीला बिडाच्या गाभ्यावरचे 8 इंची रबरी चाक लावावे. मोठे चाक खड्ड्यात अडकत नाही. अर्थात, याची किंमत आहे. रबर ढकलायला जड, आणि 4 इंची चाकाऐवजी 8 इंची लावले की फळी निदान चार इंच वर जाते. 50 किलोची गोणी दर खेपेला तेवढी जास्त उचलावी लागते. तो भार हमालाच्या कमरेवर येतो, तेव्हा चाक घेण्याआधी त्याला विचारलेले बरे.

सगळ्यात मोठे नुकसान बहुधा चाक बसवतानाच होते. फिरत्या चाकाची वरची प्लेट थेट सांगाड्याला वेल्डिंग करतात. काम झटपट होते, पण त्या उष्णतेने छऱ्यांमधले ग्रीस वितळून जाते आणि प्लेट वाकते. मग चाक वळायला कुरकुरते, हमाल ट्रॉली खेचून वळवतो आणि चाक धरणारा चिमटा तिरका होतो. नाव मात्र चाकाचे खराब होते. युरियाची पूड ओल धरून चिमट्याला गंज चढवते ते वेगळेच, आणि गोणीची सुतळी आसाभोवती गुंडाळून बेअरिंगचे सील कापते. ट्रॉली उलटी करून सुतळी काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

गावातला वेल्डर हाताशी असतो आणि चाक मोडले तर धंदा थांबवून चालत नाही, हे दुकानदाराचे म्हणणे खरेच. पण घाई सांभाळायला वेल्डिंगच कशाला? सांगाड्याला एकदाच चार भोके पाडून घ्या आणि चाक नट-बोल्टने बसवा. त्याच मापाचे एक जादा चाक दुकानात ठेवा. मोडलेले काढून नवे लावायला एक पाना पुरतो.