रांगेतला शेवटचा ग्राहक

घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न बजेटचा असतो. वीस-पंचवीस हजारांत काय येईल, असे विचारले की दुकानदार दोन-तीन नावे सांगतो आणि घासाघीस सुरू होते. पण तेवढ्या पैशांत काय मिळायचे हे त्या दोघांच्याही हातात नसते. गेली तीस वर्षे ते ठरवत आले आहेत ते तिसरेच लोक. त्याच चिपसाठी आणि त्याच मेमरीसाठी रांगेत घरगुती ग्राहकाच्या पुढे उभे असलेले. स्वस्त कार्डाचा इतिहास म्हणजे त्या रांगेचा इतिहास.

१९९४ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या थ्रीडीएफएक्स या कंपनीचा डोळा सुरुवातीला आर्केडमधल्या, नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर होता. घरच्या कॉम्प्युटरवर त्रिमितीय चित्रे पळवण्याइतकी वेगवान मेमरी तेव्हा परवडण्यापलीकडची होती. १९९६मध्ये जगभर मेमरीचे भाव कोसळले आणि गणित बदलले. कंपनीला आपले ४ एमबी मेमरीचे व्हूडू कार्ड सुमारे ३०० डॉलरना विकणे शक्य झाले. हे कार्ड फक्त त्रिमितीय चित्रे काढायचे. बाकी कामासाठी जुने कार्ड तसेच ठेवून दोन्ही केबलने जोडावी लागत. म्हणजे घरगुती गेमिंगचे पहिले गाजलेले कार्ड मुळातच जुन्या यंत्राला दिलेली जोड होते, आणि ते शक्य झाले कारण मेमरीच्या बाजारात त्या वर्षी माल पडून होता.

थ्रीडीएफएक्स फार टिकली नाही. २०००च्या डिसेंबरात तिची मालमत्ता विकत घेण्याचा करार एनव्हिडियाने केला. २००६मध्ये एएमडीने एटीआय ही कॅनडाची कंपनी घेतली आणि या बाजारात मुख्यतः दोनच विक्रेते उरले. तरी पुढची दहा वर्षे ग्राहकाला बरी गेली. २०१४चे जीटीएक्स ७५० टीआय १४९ डॉलरचे होते आणि त्याच्या अनेक मॉडेलना वीजपुरवठ्याची वेगळी वायरही लागत नसे. ऑफिसातल्या जुन्या डब्यातही ते चालून जाई. २०१६चे ६ जीबीचे जीटीएक्स १०६० तर २४९ डॉलरमध्ये मध्यमवर्गीय गेमरचे हक्काचे कार्ड झाले. एनव्हिडियाने त्याच्यासाठी गेमचे नवे ड्रायव्हर २०२५च्या ऑक्टोबरपर्यंत दिले. नऊ वर्षे.

दरम्यान रांगेत नवे लोक घुसले. २०१७मध्ये आणि पुन्हा २०२१मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम करणाऱ्यांनी कार्डे घाऊक उचलली. २०२१मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६०वर खाणकामाचा वेग मुद्दाम अर्ध्यावर आणणारी मर्यादा घातली; काही आठवड्यांतच कंपनीच्याच एका ड्रायव्हरमुळे ती निकामी झाली. खाणवाले अखेर रांगेतून बाहेर पडले ते सप्टेंबर २०२२मध्ये, इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडून दिल्यावर. मग त्यांनी राबवून घेतलेली कार्डे सेकंड हँड बाजारात आली.

त्यांच्यामागून आलेला ग्राहक, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटर चालवणारा, मात्र जाणारा दिसत नाही. २०१२मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी अ‍ॅलेक्सनेट हे चित्रे ओळखणारे न्यूरल नेटवर्क शिकवले, ते प्रत्येकी ३ जीबी मेमरीच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर. ही खेळासाठी दुकानात मिळणारी कार्डे होती. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट अशी गेमरच्या कार्डावरून उठली आणि गेमरलाच बाजूला सारून गेली. जानेवारी २०२२ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची गेमिंगची विक्री डेटा सेंटरपेक्षा जास्त होती. तीन वर्षांनी, जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात, सुमारे १३० अब्ज डॉलरच्या एकूण विक्रीत डेटा सेंटरचा वाटा ११५ अब्जांचा आणि गेमिंगचा जेमतेम ११ अब्जांचा होता. २०२५च्या अखेरीस तर याच मागणीने मेमरीचेच भाव भडकले. मायक्रॉनने क्रुशिअल या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदा बंद करत असल्याचे डिसेंबरात जाहीर केले. १९९६मध्ये ज्या दाराने स्वस्त कार्ड घरात आले, तेच दार आता बंद होत चालले आहे.

रांग वाढली की विक्रेता बऱ्याचदा जाहीर किंमत तशीच ठेवतो. आतला माल बारीक करतो. १०६०नंतर मेमरी ६ जीबीवरून ३०६०मध्ये १२ जीबीवर गेली आणि ४०६० व ५०६०मध्ये ८ जीबीवर परत आली. अमेरिकेतली किंमत या शेवटच्या दोघांचीही बाजारात येताना २९९ डॉलर होती, म्हणजे पहिल्या व्हूडूइतकीच. १९९६मध्ये डॉलर साधारण ३५ रुपयांना होता, ४०६० आले तेव्हा ८२ रुपयांच्या आसपास. त्यावर १८ टक्के जीएसटी. तिकडे स्थिर राहिलेला आकडा इकडे दुपटीहून मोठा होऊन येतो.

नावांचा खेळही जुनाच आहे. २००२चे जीफोर्स ४ एमएक्स नावाने नव्या पिढीचे, पण आतून जुन्या पिढीचे होते. १०६०च्या ३ जीबी मॉडेलमध्ये मेमरी तर कमी होतीच, शिवाय चिपमधले कोअरही छाटलेले होते. जीटी १०३०ची संथ मेमरीवाली आवृत्ती २०१८मध्ये त्याच नावाने विकली गेली. म्हणून बिलावर कार्डाच्या नावाबरोबर मेमरी किती आणि कोणत्या प्रकारची, हेही लिहून घ्यावे.

जुन्या कॉम्प्युटरला नवे कार्ड जोडणाऱ्यासाठी याहून मोठे सापळे आहेत. २०२२चे १९९ डॉलरचे आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी माहितीच्या चारच लेनने बोलते. ज्या जुन्या बोर्डांसाठी माणूस स्वस्त कार्ड शोधतो, नेमके त्यांच्यावर ते मंदावते. इंटेलच्या बी५८०मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि अमेरिकेत ते २४९ डॉलरना आले, पण रिसायझेबल बार ही सोय मदरबोर्डवर नसेल तर त्याचा दम निघून जातो. म्हणून आधी आपला बोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि मॉनिटर पाहावा. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी महागडे कार्ड घेणे वाया जाते आणि बेभरवशाच्या एसएमपीएसवर कोणतेही नवे कार्ड बसवणे धोक्याचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्याकडून वापरलेले कार्ड घ्यायचे तर ते समोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहून, बिल आणि उरलेली वॉरंटी तपासूनच घ्यावे.

घरगुती ग्राहकाकडे पैसा कमी आहे, पण एक गोष्ट त्याच्याकडे आहे जी रांगेत पुढे उभ्या असलेल्या कोणाकडेच नव्हती. खाणवाल्याला आजच्या आजच कार्ड हवे होते, डेटा सेंटरवाल्याला याच तिमाहीत हवे असते. आपल्याला घाई नाही. १०६० नऊ वर्षे चालू शकते तर ज्याचे कार्ड अजून काम देते त्याने नव्या नावाच्या मोहाने तेजीत खरेदी करू नये. ज्याचे खरोखरच बंद पडले आहे त्याने पुढच्या पाच-सहा वर्षांचा विचार करून चिपच्या वेगापेक्षा मेमरीला दोन पैसे जास्त द्यावेत. वेगाची कमतरता सेटिंग खाली आणून भागते; कमी पडणारी मेमरी नंतर विकत घेऊन कार्डावर बसवता येत नाही.