सही करणारे आहेत, बघणारा कोण?

गेल्या वर्षी अम्मीला एका सरकारी रुग्णालयात नेलं होतं. तिला तपासणारा इंटर्न डॉक्टर हुशार होता. रक्तदाब नीट मोजला, गोळीही योग्य बदलून दिली. मात्र अम्मीचा बुरखा पाहून तो मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागला. अम्मी रत्नागिरीची. तिचं सगळं आयुष्य कोकणी बोलीत गेलं. 'जुनी गोळी बंद' हे तिला कळलंच नाही. तिनं मान हलवली. मी औषधांच्या रांगेत होतो. पुढचे पंधरा दिवस ती दोन्ही गोळ्या घेत राहिली आणि एका सकाळी चक्कर येऊन न्हाणीत पडली.

माझा राग त्या पोरावर नाही. त्याला हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं, माझी तक्रार त्याबद्दल आहे.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे. कागदावर सगळं आहे. पण वर्गात शिकलेला संवाद वॉर्डात उतरला की नाही, हे वॉर्डात उभं राहूनच कळणार. इंटर्नशिपच्या वर्षभरात लॉगबुकवर सह्या होतात. किती टाके घातले, किती बाळंतपणं पाहिली, याची नोंद होते. रुग्णाशी बोलताना त्याला कितीदा कुणी पाहिलं?

काही जण म्हणतात, माणुसकी मोजता येत नाही. मान्य. पण वागणूक पाहता येते. स्वतःचं नाव सांगितलं का? रुग्णाची भाषा विचारली का? सिस्टरनं दिलेला इशारा ऐकला का? आपल्याला जमत नाही हे ओळखून वरिष्ठांना वेळेत बोलावलं का? स्कॉटलंडमध्ये शल्यविशारदांसाठी अशी मोजपट्टी तयार झाली. परिस्थितीचं भान, निर्णय, संवाद व संघभावना आणि नेतृत्व असे तिचे चार भाग आहेत. ब्रिटनमध्ये नवशिक्या डॉक्टरबद्दल परिचारिका आणि इतर सहकाऱ्यांचं मतही घेतलं जातं. आपल्याकडे सिस्टरचं मत विचारायचं म्हटलं तरी कित्येकांचा मानपान आडवा येतो.

'ओपीडीतल्या गर्दीत वेळ कुठे?' हा दुसरा आक्षेप. गर्दी खरी आहे, डॉक्टर कमी आहेत हेही खरं. पण 'आता कोणती गोळी घ्यायची, सांगा बघू' हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. न्हाणीत पडलेल्या बाईला पुन्हा दाखल करायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

वरिष्ठांनी महिन्यातून दोनदा इंटर्नच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहावं आणि लगेच, एकांतात, काय चुकलं ते सांगावं. हे शिक्षेसाठी नको, शिकण्यासाठी हवं. नाहीतर लॉगबुकात आणखी एका सहीची भर पडेल, एवढंच.

बुरखा, नऊवारी किंवा फाटकं धोतर पाहून भाषा आणि अक्कल ठरवायची सवय परीक्षेच्या हॉलमध्ये दिसत नाही. ती खाटेपाशी दिसते. परीक्षकानंही तिथंच यावं.