राखीव क्रमांकांचा कारभारी कोण?

नवा रायपुर हे नगर आधी कागदावर वसले आणि मागाहून जमिनीवर. सेक्टर आखले गेले, रस्ते ठरले आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागा नकाशावर अगोदरच राखून ठेवण्यात आल्या. अशा नगरातून फिरताना मोकळा भूखंड दिसला, की बरोबरचे मूल सहज विचारते, “ही जागा कुणाला द्यायची, हे कोण ठरवते?” नगरापुरते उत्तर सोपे आहे, त्यासाठी विकास प्राधिकरण आहे. परंतु याच नगरात मे २०२५ मध्ये डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. तेथील यंत्रांनाही पत्ते लागतीलच. मग त्या पत्त्यांच्या जगातील मोकळे भूखंड कोणाच्या हाती असतात?

इंटरनेटवरील पत्ता म्हणजे एक क्रमांक. १९८१ साली रूढ झालेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी क्रमांक होते. त्यांचा सोळावा हिस्सा, म्हणजे २६ कोटी ८४ लाखांहून अधिक क्रमांक, ‘भविष्यकाळासाठी’ म्हणून बाजूला ठेवला गेला. त्या काळी या सर्वांची नोंद कॅलिफोर्नियातील जॉन पोस्टेल हे संशोधक ठेवीत. १९९८ साली त्यांचे निधन झाले. आज ही नोंदवही ‘आयाना’ या नावाने ओळखली जाते व ‘आयकॅन’ ही संस्था ती सांभाळते. अमेरिकन सरकारची तिच्यावरील देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. वाटायचे क्रमांक आयाना पाच विभागीय संस्थांना देते. आपला विभाग ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील ‘एपनिक’चा, आणि भारतात २०१२ पासून हे काम ‘निक्सी’च्या अखत्यारीतील ‘इरिन’ पाहते. मात्र कोणते क्रमांक राखीव ठेवायचे व ते केव्हा मोकळे करायचे, हे यांपैकी कोणीच एकट्याने ठरवीत नाही. तो निर्णय इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या तंत्रज्ञांच्या मंडळात होतो. त्याला औपचारिक सभासदत्व नाही आणि तेथे मतदानही होत नाही. वर्षातून तीन बैठका भरतात, एरवी ई-पत्रांतून चर्चा चालते आणि स्थूलमानाने एकमत झाले, की निर्णय नोंदला जातो.

याची कसोटी २०११ साली लागली. त्या वर्षीच्या ३ फेब्रुवारीला आयानाचा साठा संपला. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना एकच सार्वजनिक क्रमांक अनेक ग्राहकांत वाटून देणे भाग पडले. जणू वाड्यातील सर्व बिऱ्हाडांना मिळून एकच टपालपेटी. त्या वाटणीच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी सुमारे ४२ लाख क्रमांक राखून ठेवावेत, असे उत्तर अमेरिकेच्या विभागीय संस्थेतील मंडळींनी ठरविले. परंतु एका विभागाने साऱ्या जगासाठी राखीव जागा ठरवावी काय? प्रश्न टास्क फोर्सपुढे आला, पुष्कळ वाद झाला आणि एप्रिल २०१२ मध्ये मान्यता मिळाली. अशा सामायिक पेटीची किंमत आपणच मोजतो. एका ग्राहकाने आगळीक केली, की त्या क्रमांकावर बंदी येते आणि निरपराध शेजाऱ्यांचीही वाट अडते.

मग ते २६ कोटी क्रमांक खुले का करीत नाहीत? २००८ च्या सुमारास तशा सूचना आल्या, पुढेही आल्या. परंतु एकमत झाले नाही. असंख्य जुनी यंत्रे हे क्रमांक ओळखतच नाहीत. शिवाय २०१० या एकाच वर्षात यापेक्षा अधिक क्रमांक वाटले गेले होते. म्हणजे एवढा खटाटोप करून वर्षभराचीही बेगमी झाली नसती.

नव्या पद्धतीत क्रमांकांची एकूण संख्या एकोणचाळीस अंकी आहे. तिचा आठवा हिस्साच तूर्त वाटपासाठी खुला असून उरलेला बव्हंशी राखीव आहे. तो कसा खुला करावा, याचा निर्णय पुढील पिढ्यांना घ्यावा लागेल.

या सभेचे दार उघडे आहे, हे खरे. पण उंबरठा उंच आहे. चर्चा इंग्रजीत चालते, प्रवास दूरचा असतो आणि विषय किचकट असतो. जे हजर राहतात, त्यांचेच म्हणणे एकमतात उमटते. ग्रामसभेला न जाणाऱ्याने विहिरीच्या जागेबद्दल मागाहून कुरकुर करून काय उपयोग? नवा रायपुरात २०१५ पासून माहिती तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तेथील, तसेच नागपूर-पुण्यातील आपल्या मुलामुलींनी ही पत्रे वाचावीत आणि सूचना धाडाव्यात. ‘कोण ठरवते?’ असे विचारणारे मूल उद्या ठरविणाऱ्यांत बसलेले असावे, एवढीच अपेक्षा.